गुहेची पाळी बदलते तेव्हा

मलेशियातल्या सारावाक राज्यात, मिरी शहरापासून शंभरेक किलोमीटरवर निआ राष्ट्रीय उद्यान आहे. बहुतेक पर्यटक तिथे सकाळी जातात आणि दुपारच्या जेवणानंतर परततात. फसगत होते ती इथेच. उद्यानाच्या आवारात राहायची सोय आहे. एक मुक्काम करायलाच हवा.

नदी होडीने ओलांडायची, मग जंगलातून तीनेक किलोमीटर लाकडी फळ्यांची वाट. फळ्या ओल्या झाल्या की पाय सटकतो. बूट चांगले हवेत, विजेरी हवीच.

गुहा म्हटलं की आपल्याला लेणी आठवतात, माणसाने छिन्नीने बेसॉल्टमध्ये कोरलेली. निआची गुहा पाण्याने केली. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडीला विरघळवत राहतं. त्यातून झालेलं पश्चिमेचं तोंड सुमारे 60 मीटर उंच, 250 मीटर रुंद आहे. म्हणजे उजेडाची, पाऊस न लागणारी आयती ओसरीच! माणसाने ती फार पूर्वीच हेरली. सारावाक संग्रहालयाच्या टॉम हॅरिसन यांनी 1954 मध्ये इथे उत्खनन सुरू केलं आणि 1958 मध्ये एक कवटी सापडली. तिचं वय जवळजवळ 40 हजार वर्षं. पलीकडच्या चित्रगुहेत होडीच्या आकाराच्या शवपेट्या मिळाल्या, मागच्या भिंतीवर तांबड्या रंगातल्या होड्या आहेत. चित्रं फिकटली आहेत, शिवाय जाळीबाहेरूनच पाहावी लागतात. दुर्बीण असेल तर न्या. 2024 मध्ये युनेस्कोने हा गुहासमूह जागतिक वारसा यादीत घेतला.

पण खरी गंमत दिवेलागणीची. दिवसभर बाहेर भिरभिरणाऱ्या पाकोळ्या आत शिरू लागतात, त्याच वेळी वटवाघळं बाहेर पडतात. या पाकोळ्या लाळेची घरटी बांधतात. चिनी सूपसाठी त्यांना मोठा भाव. ती काढणारे छतापासून लोंबणाऱ्या खांबांवरून अंधारात चढतात. खाली साचलेली विष्ठा खत म्हणून जाते, तिचा उग्र दर्प नाकात बसतो. आपल्या वेंगुर्ला रॉक्सच्या गुहेतही अशा पाकोळ्या आहेत, आणि तिथलीही घरटी चोरीला गेलेली आहेत.

परतीची शेवटची होडी किती वाजता, हे मात्र सकाळीच नावाड्याला विचारून ठेवा.