विठ्ठलवाडीला थांबणारे ऑब्जेक्ट

प्रोग्रामिंग शिकायला बसलेल्यांची गाडी हमखास ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’पाशीच अडते. कल्याणहून कर्जतकडे निघालं की पहिलं स्टेशन विठ्ठलवाडी. तिथल्या प्लॅटफॉर्मवर हे चटकन कळेल.

‘गाडी’ हा क्लास, म्हणजे नुसता आराखडा: प्रत्येक गाडीला नंबर असेल, वेग असेल, ती सुटेल, थांबेल. आराखड्यात बसून कुणी अंबरनाथला पोचत नाही. समोर आलेली बदलापूर लोकल हा ऑब्जेक्ट, मागची कर्जत हा दुसरा. नंबर, वेग हे त्यांचे गुणधर्म. सुटणं, थांबणं या मेथड.

‘गाडी’वरून ‘लोकल’ आणि ‘एक्स्प्रेस’ असे दोन क्लास काढले, की नंबर-वेग पुन्हा लिहावे लागत नाहीत, हे इनहेरिटन्स. आता दोघींना एकच निरोप द्या: ‘विठ्ठलवाडी आलं’. लोकल थांबते, डेक्कन क्वीन धडधडत निघून जाते. हे पॉलिमॉर्फिझम, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. ब्रेक मोटरमनच्या केबिनमध्ये बंद, हे एन्कॅप्स्युलेशन. प्रवाशाच्या हाती फक्त साखळी. तीही विनाकारण ओढली तर दंड!

क्लास-ऑब्जेक्टच्या या विचाराची सुरुवात नॉर्वेत, १९६७च्या सिम्युला भाषेत झाली. ती रचणाऱ्या ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांना २००१चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पुढे सी प्लस प्लस, जावा त्याच वाटेने आल्या.

पुस्तकातली कुत्र्या-मांजरांची उदाहरणं बाजूला ठेवा आणि ‘गाडी’ हा क्लास आजच लिहून पाहा.