खुंट विचारा, मग कार्ड घ्या

शेंदूरजनाघाटला संत्र्याची कलमं घ्यायला आलेलं जाणतं गिऱ्हाईक पानांच्या हिरवेपणाला भुलत नाही. ते आधी विचारतं, खुंट कशाचा? जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा? डोळा वर नागपुरी संत्र्याचाच असतो, पण जमीन कुठली मानवेल आणि झाड किती तग धरेल, यात खुंटाचा वाटा मोठा. हाच माणूस व्हिडिओ कॅमेरा घ्यायला अमरावतीला गेला, की डब्यावरचं एक अक्षर वाचून परत येतो. माझा भाचाच बघा. "डब्यावर एचडी लिहेल आहे ना, मामा. आखीन काय पायजे?"

पायजे, बावा. एचडी म्हणजे फक्त चित्रातल्या ठिपक्यांची मोजणी, पूर्ण एचडीत 1920 गुणिले 1080. ते ठिपके किती दाबून साठवले, हे त्यातून कळत नाही. एमपी4 या नावाचंही तसंच. ती नुसती पेटी. आत चित्र दाबण्याची पद्धत एच.264 असेल किंवा एच.265, म्हणजे एचईव्हीसी. दुसरी पद्धत तेवढंच चित्र कमी जागेत बसवते. पण जुन्या कॉम्प्युटरवर ती फाइल अडखळत चालते आणि एडिटिंगवाला कपाळाला हात लावतो. तेव्हा एमपी4 आहे का, हे विचारून भागत नाही. आत काय आहे, ते विचारा.

"मग ज्याचा बिटरेट मोठा, तो कॅमेरा चांगला," असा पुढचा निष्कर्ष निघतो. तोही अर्धवट. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती बिट लिहिले जातात, तो आकडा. मिनी डीव्ही टेपवर सेकंदाला 25 मेगाबिट लिहिले जायचे आणि चित्र होतं 720 गुणिले 576 चं. सोनी आणि पॅनासोनिकने 2006 साली आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीने 24 मेगाबिटांत पूर्ण एचडी चित्र बसवलं. आकडा जवळपास तोच, पण चित्रात जमीनअस्मानाचा फरक. बिटरेटची तुलना करायची तर एकाच पद्धतीच्या दोन कॅमेऱ्यांत करावी.

खरा घोळ मेमरी कार्डाचा. पाकिटावर ठळक छापलेलं असतं 170. हा सेकंदाला मेगाबाइटचा आकडा बहुधा वाचण्याचा असतो, म्हणजे कार्डातून कॉम्प्युटरवर उतरवण्याचा, आणि तोही जास्तीत जास्त. कॅमेऱ्याला हवी असते लिहिण्याची कमीत कमी गती, मध्ये कुठेही न अडखळता. तिची हमी बारीक चिन्हांत असते. इंग्रजी सी अक्षरातला 10 म्हणजे क्लास 10, किमान 10 मेगाबाइट. यू अक्षरातला 1 म्हणजेही 10, आणि 3 म्हणजे 30. व्ही30 म्हणजे तेवढेच 30, व्ही60 म्हणजे 60. ए1, ए2 ही अक्षरं मोबाइलमधल्या अ‍ॅपसाठी असतात. लग्नाच्या शूटिंगशी त्यांचा संबंध नाही.

इथे मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत होते. आठ बिट म्हणजे एक बाइट. 100 मेगाबिटांचं फोरके चित्रण म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. क्लास 10 चं कार्ड दहाचीच हमी देतं, म्हणून अशा सेटिंगला अनेक कॅमेरे यू3 मागतात. आमच्या घरच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपत आली आणि कॅमेरा आपोआप थांबला. घाईत घेतलेलं स्वस्तातलं कार्ड लिहिता लिहिता मागे पडलं होतं. अक्षता डोक्यावर पडल्या, चित्रणात मात्र नाही.

जागेचा हिशोबही याच आकड्यावरून निघतो. 100 मेगाबिटांना तासाला 45 जीबी लागतात, 50 मेगाबिटांना साडेबावीस. काल्याचं कीर्तन दोन तास चालणार असेल, तर फोरकेला 64 जीबी पुरणार नाही, 128 घ्या. आणि 64 चं कार्ड कॉम्प्युटरवर 59.6 दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर 1024 च्या, कार्ड तेच. फसवणूक वेगळी असते. बनावट कार्डाच्या चिपला 128 सांगायला शिकवलेलं असतं आणि आत मेमरी असते 8 किंवा 16 ची. ते सुरुवातीला मुकाट चालतं, पुढचं चित्रण मात्र हवेत जातं. नुसती जागा पाहून हे पकडता येत नाही. कार्ड शेवटपर्यंत भरून पुन्हा वाचावं लागतं. एचटूटेस्टडब्ल्यू आणि एफ3 हे फुकट प्रोग्राम तेच करतात.

आता अमेरिकेतून आलेला कॅमेरा. "तिकडचा माल, इकडच्यापेक्षा भारी." यंत्र भारी असेलही, पण तो सेकंदाला 30 किंवा 60 चित्रांच्या हिशोबाने चालतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, आणि मांडवभर पट्टे फिरू लागतात. मेनूत 50 हर्ट्झची सोय असेल तर ती निवडा. नसेल तर शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा. दोन्ही जमत नसेल, तर तो कॅमेरा संत्र्याच्या बागेत उन्हात वापरा, मांडवात नको.

एव्हीसीएचडीच्या मोठ्या चित्रणाचे तुकडे झालेले पाहून लोक घाबरतात. जुन्या एफएटी32 पद्धतीत एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही, म्हणून कॅमेरा ती तोडतो. एकेक तुकडा उचलू नका. सगळं फोल्डर जसंच्या तसं उतरवा, नाहीतर जोडावर आवाज तुटू शकतो.

उतरवल्यावर कार्ड कपाटात ठेवून निश्चिंत होऊ नका. फ्लॅश मेमरीतला विद्युतभार वर्षानुवर्षं पडून राहिला की गळतो. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत ठेवा आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

हळदीच्या दोन दिवस आधी, लग्नात वापरायच्या त्याच सेटिंगवर, घरातला फिरता पंखा कार्ड भरेपर्यंत चित्रित करा. फाइल शेवटपर्यंत चालली, तरच ते कार्ड मांडवात न्या.