बारा लढती, बारा विजय, पण कोणाविरुद्ध?

२०२२ मध्ये सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची अंतिम फेरी झाली आणि करंडक कोणालाच द्यायचा नाही, असा निर्णय परीक्षकांनी जाहीर केला. पुण्यात त्यावर भरपूर वाद झाला. आलेल्यांत सरस कोण हा एक प्रश्न आणि अपेक्षित दर्जापर्यंत कोणी पोचले का हा दुसरा. परीक्षकांनी ते दोन प्रश्न वेगळे ठेवले. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र त्यांची सर्रास सरमिसळ होते आणि तिचा हिशेब शेवटी खेळाडूच्या मेंदूला चुकवावा लागतो.

आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण विजेंदर सिंगचे. १९ मार्च २०२१ रोजी पणजीत, मांडवीतल्या ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर त्याची लढत झाली. तोवर तो व्यावसायिक म्हणून बारा वेळा रिंगणात उतरला होता आणि बाराही वेळा जिंकला होता. समोर रशियाचा आर्टिश लोपसान होता. उंची सहा फूट चार इंच, नाव फारसे कोणाला माहीत नाही. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि विजेंदर हरला. आदल्या दिवसापर्यंत ‘जागतिक दर्जाचा’ म्हणणारे दुसऱ्या दिवशी ‘तो तसा कधी नव्हताच’ म्हणू लागले. दोन्ही मते घाईचीच.

हौशी बॉक्सर म्हणून विजेंदर जागतिक दर्जाचा होता, यात शंका घ्यायला जागा नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलो गटात कांस्य, २००९ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा कांस्य आणि त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. ऑलिंपिकमध्ये समोर कोण येणार हे सोडत ठरवते. क्युबाचा खेळाडू नको, दुसरा द्या, असे म्हणता येत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र प्रतिस्पर्धी ठरतो तो प्रवर्तकांच्या वाटाघाटींतून. नव्या खेळाडूला सुरुवातीला सोपे प्रतिस्पर्धी देणे हा तिथला रूढ रिवाज आहे आणि त्यात गैर काही नाही. पोहायला शिकणाऱ्याला कोणी थेट नदीच्या धारेत सोडत नाही. प्रश्न एवढाच, की उथळ पाण्यात मारलेल्या फेऱ्या किती दिवस मोजायच्या?

म्हणून ‘१२-०’ हा आकडा एकटा वाचण्यात अर्थ नाही. त्या बारा जणांत चार मोठ्या संघटनांपैकी (डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ) एकीचाही जगज्जेता राहिलेला कोणी नव्हता. म्हणजे सगळेच कच्चे होते असे नाही. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत विजेंदरने ज्या केरी होपला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवले, तो २०१२ मध्ये युरोपीय विजेता होता. त्या विजयाने विजेंदरला डब्ल्यूबीओचा आशिया पॅसिफिक पट्टा मिळाला. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत वरळीला चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवून ओरिएंटल पट्टाही आला. पण तिथे तीनपैकी दोन परीक्षकांच्या हिशेबात फरक फक्त एका गुणाचा होता. हे दोन्ही पट्टे प्रादेशिक. बातमीचा मथळा होईपर्यंत त्यातला ‘प्रादेशिक’ हा शब्द बहुधा गळून पडतो. खुद्द जगज्जेतेपदाचीही टंचाई नाही. सतरा वजनगट आणि चार संघटना म्हणजे एका वेळी ६८ मुख्य जगज्जेतेपदे, शिवाय ‘हंगामी’ आणि ‘सुपर’ वगैरे वेगळीच.

मग प्रतिस्पर्ध्यांवरून दर्जा काढावा, हा विचार बरोबर आहे. पण तोही जपून वापरावा लागतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये दुबईत विजेंदरने घानाच्या चार्ल्स आदामूला हरवले. याच आदामूला २००४ मध्ये इंग्लंडच्या कार्ल फ्रॉचने हरवले होते आणि फ्रॉच पुढे जगज्जेता झाला. म्हणजे विजेंदर फ्रॉचच्या तोडीचा? आदामू फ्रॉचसमोर उभा राहिला तेव्हा विशीत होता, विजेंदरसमोर आला तेव्हा ४२ वर्षांचा. नाव तेच, शरीर दुसरे. बुद्धिबळातल्या एलो गुणांसारख्या संगणकीय क्रमवाऱ्या बॉक्सिंगमध्येही वापरात आहेत. पण बुद्धिबळपटू वर्षाला ढिगाने डाव खेळतो आणि बॉक्सर दोन-तीन लढती. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर उभा राहिलेला आकडा दिसायला नेमका असला तरी डळमळीत असतो.

प्रयोगशाळा काही सांगू शकते का? थोडे सांगते. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हेवीवेट फ्रँक ब्रुनोचा ठोसा मोजला होता. मूठ सुमारे अर्धा मीटर अंतर एका सेकंदाच्या दहाव्या भागात कापून ८.९ मीटर प्रतिसेकंद वेगाने आदळली आणि ४,०९६ न्यूटन, म्हणजे चारशे किलोहून अधिक वजनाएवढा दाब नोंदला गेला. सहा किलोचा गादी बांधलेला लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटर वेगाने लागावा तसा हा मार, असे त्यांनी लिहिले. २००० मधल्या एका अभ्यासात अव्वल बॉक्सरच्या मागच्या हाताच्या ठोशाचा जोर सरासरी ४,८०० न्यूटन भरला, तर नवख्यांचा २,३८१. फरक दुप्पट, पण तो दंडातून येत नाही. सोव्हिएत संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवले होते, की वरच्या श्रेणीच्या बॉक्सरच्या ठोशातला जवळपास ३८ टक्के वाटा पायांच्या रेट्याचा असतो आणि खालच्या श्रेणीत तो १६-१७ टक्क्यांवर येतो. जोर जमिनीतून उठतो, कमरेतून फिरतो आणि मुठीत उतरतो. तालमीतले वस्ताद हे कोणत्याही यंत्राशिवाय ओळखतात.

पण पिशवीवर जोरात मारणारे पुष्कळ असतात आणि पिशवी उलट मारत नाही. खरा फरक डोळे आणि मेंदू यांच्यात आहे. दिवा लागला की बटण दाबा, अशा साध्या चाचणीत अव्वल खेळाडू सामान्य माणसापेक्षा फार वेगवान निघत नाही. फ्रेंच बॉक्सिंगवरच्या अभ्यासात तज्ज्ञ आणि नवखे यांच्यातले अंतर दिसले ते गुंतागुंतीच्या प्रसंगांत. तज्ज्ञांची नजर कमी ठिकाणी फिरते, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याच्या आसपास स्थिरावते आणि बाकीच्या हालचाली ते नजरेच्या कडेने टिपतात. ठोसा निघाल्यावर पाहून चुकवण्याइतका वेळ मुळात नसतोच. खांदा हलला, वजन एका पायावर गेले, एवढ्यावरून पुढचे ओळखायचे असते. आणि हे पहिल्या फेरीत नाही, तर आठव्या-नवव्या फेरीत, श्वास लागलेला असताना जमले पाहिजे. हौशी खेळात तीन-चार फेऱ्यांत काम संपते, व्यावसायिक विजेतेपदाची लढत दहा किंवा बारा फेऱ्यांची, दर फेरी तीन मिनिटांची. पाय थकले की ठोशाचा जोर जातो आणि त्याबरोबर बचावही जातो. दर्जा पाहायचा तर ही फेरी पाहावी, नॉकआउटची चित्रफीत नव्हे.

पणजीच्या लढतीत या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या. विजेंदर ३५ वर्षांचा होता. दुबईनंतर जवळपास सोळा महिने, त्यात करोनाचा काळ धरून, तो लढलेला नव्हता. समोरचा लांब हातांचा, त्यामुळे अंतराचा अंदाज नव्याने बांधावा लागणारा. वय वाढते तसा ताकदीपेक्षा आधी हा अंदाज मंदावतो; पिशवीवर किंवा सरावाच्या पॅडवर ते कळत नाही, कारण पॅड धरणारा ठोसा कुठे येणार हे ठरवूनच उभा असतो. त्या रात्रीच्या पराभवावरून विजेंदरचा आधीचा दर्जा काढणे म्हणूनच चूक. त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीबद्दल न्याय्य मत एवढेच देता येते, की त्याने प्रादेशिक दर्जा सिद्ध केला आणि जागतिक दर्जाची परीक्षा त्याने दिलीच नाही. २०२१ मध्ये त्याच्याच ७६.२ किलोच्या सुपर मिडलवेट गटात मेक्सिकोच्या कॅनेलो अल्वारेझने चारही संघटनांचे पट्टे एकत्र केले. त्या उंचीच्या जवळपासच्या कोणाशी विजेंदरची गाठ पडली नाही.

या मोजमापाची खरी निकड मात्र आरोग्यामुळे आहे. दर्जा फुगवून सांगितलेला खेळाडू एक दिवस आपल्याहून फार वरच्या माणसासमोर उभा केला जातो. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू अमेरिकेच्या रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीपर्यंत झुंजला आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने काही दिवसांत दगावला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. हळूहळू होणारी इजा अधिक फसवी. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच बॉक्सरांच्या अडखळत्या चालीचे आणि मंदावलेल्या बुद्धीचे वर्णन केले होते. २०११ पासून लास वेगासमध्ये सुरू असलेल्या क्लीव्हलंड क्लिनिकच्या अभ्यासात लढती वाढतात तसे मेंदूतल्या काही भागांचे आकारमान कमी आढळते आणि विचारांचा वेगही मंदावलेला दिसतो. जिंकलेल्या लढतीतही ठोसे खावे लागतात. निकालाच्या रकान्यात ते लिहिले जात नाहीत.

पणजीनंतर विजेंदर आणखी एकदा उतरला, ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला. घानाच्या एलियासू सुलेला त्याने दुसऱ्याच फेरीत संपवले आणि नोंद १३-१ झाली. सुलेही त्या दिवसापर्यंत ‘अपराजित’च होता.