नकाशावरील तपकिरी रेषा

प्राथमिक शाळा मुलाच्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा आपल्या राज्यात नियम आहे. कचेरीत बसून हे अंतर मोजणे सोपे असते. १ : ५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर ते बरोबर दोन सेंटिमीटर भरते. परंतु त्या दोन सेंटिमीटरांत दहा तपकिरी रेषा आडव्या गेल्या असतील, तर वाडीवरील सहा वर्षांच्या मुलाला शाळेच्या वाटेवर रोज सुमारे दोनशे मीटरांची चढउतार करावी लागते. पट्टीने मोजलेले अंतर नियमात बसते. मुलाचे पाय मात्र पट्टीवरून चालत नाहीत. असे मूल आषाढ-श्रावणात शाळेत येईनासे झाले, की हजेरीपटावर नुसती गैरहजेरीची खूण उमटते. तिचे कारण पुष्कळदा त्या तपकिरी रेषांत सापडते.

हे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभाग तयार करतो. विभागाची स्थापना १७६७ साली झाली व त्याची मुख्य कचेरी डेहराडून येथे आहे. सोयीसाठी देशाचे चार-चार अंशांचे चौकोन पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत. प्रत्येक चौकोनाचे सोळा भाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात आणि त्या प्रत्येक भागाची पुन्हा सोळा पत्रके होतात. पुणे शहर अशा रीतीने ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ या दोन पत्रकांत विभागले गेले आहे. एका पत्रकात आपल्याकडील सातशे चौरस किलोमीटरांहून अधिक मुलूख मावतो.

या मोजणीचा पाया विल्यम लॅम्ब्टन याने घातला. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्याने मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटर लांबीची एक आधाररेषा पोलादी साखळीने मोजण्यास आरंभ केला. त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन टोकांचे कोन ठाऊक असले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. त्यामुळे पुढे जमिनीवर साखळी ओढीत नेण्याचे फारसे कारण उरले नाही. टेकडीवरून टेकडीकडे पाहावे, कोन मोजावा आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडीत जावे, असा हा क्रम. कोन मोजण्याचे त्याचे थिओडोलाइट यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर ते चढविताना दोर तुटला व यंत्र भिंतीवर आदळले. लॅम्ब्टनने कित्येक आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले. हैदराबादहून नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. वर्धा जिल्ह्यातील शाळांना सहलीसाठी हे स्थळ योग्य आहे.

उंचीही याच मार्गाने, उभा कोन मोजून काढीत. राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास केलेल्या आकडेमोडीतून हिमालयातील पंधराव्या क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच ठरले. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. २०२० साली जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. फरक अवघा नऊ मीटरांचा! शिखरावर पाय न ठेवता हे साधले, ही गोष्ट गणिताच्या तासालाही सांगण्याजोगी आहे.

त्रिकोणांच्या या सांगाड्यात ओढे, विहिरी, पाऊलवाटा भरण्याचे काम पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. 'खलाशी' म्हणून ओळखले जाणारे मजूर निशाण व यंत्रे घेऊन डोंगर चढत. त्यांची नावे नकाशावर नाहीत. विसाव्या शतकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांची जोड मिळाली, आता उपग्रहांची मिळते.

तपकिरी रेषांना समोच्चरेषा म्हणतात. एका रेषेवरील सर्व ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. या प्रमाणाच्या नकाशांत लगतच्या दोन रेषांत बहुधा वीस मीटरांचे अंतर असते, आणि दर पाचवी रेषा ठळक असते. व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा घमेल्यात चिकणमातीचा डोंगर करावा. एक बाजू उभी, दुसरी निवांत उतरती ठेवावी. दोन बोटे पाणी ओतावे आणि पाण्याच्या कडेने काडीने डोंगराभोवती रेघ ओढावी. असे तीन-चार वेळा करून पाणी काढून टाकावे व मुलांना वरून पाहण्यास सांगावे. उभ्या बाजूला रेघा दाटलेल्या व उतरत्या बाजूला विरळ दिसतात. सह्याद्रीच्या कड्यावर रेषांची अशीच दाटी होते. भीमेच्या खोऱ्यात त्या एकमेकींपासून दूर पांगतात. मातीचा डोंगर केलेले मूल हा भेद सहसा विसरत नाही.

तलाठ्याकडील गावनकाशा व हा नकाशा यांची गल्लत करू नये. गावनकाशात गट क्रमांक व बांध दिसतात, चढ दिसत नाही. स्थलदर्शक नकाशात चढ दिसतो. शेत कोणाचे, हे त्यात नसते. भांडणाऱ्या भाऊबंदांना त्याचा उपयोग नाही.

समासात मोजणीचे वर्ष छापलेले असते, ते प्रथम वाचावे. उजनी धरणापूर्वीच्या पत्रकावर इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव भीमेच्या काठी दिसते. ते गाव पाण्याखाली गेले. जलाशय ओसरला म्हणजे तेथील जुने मंदिर उघडे पडते. याच कारणाने नवा पूल वा रस्ता पत्रकावर दिसला नाही, तर चूक नकाशाची समजू नये. ती नोंद शाळेने आपल्या प्रतीवर पेन्सिलीने करावी.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुली अशी वेगळी नकाशामालिका निघाली. तिची पत्रके विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. आपल्या गावाचे पत्रक मिळाले, की प्रथम शाळेची जागा शोधावी. मग प्रत्येक वाडीपासून शाळेपर्यंतच्या पाऊलवाटेवर किती रेषा ओलांडाव्या लागतात ते चौथीच्या मुलांकडून मोजून घ्यावे, आणि तो आकडा हजेरीपटात त्या त्या वाडीच्या मुलांच्या नावांपुढे लिहून ठेवावा. वाटेत निळी रेषा आडवी येत असेल, तर तेथे साकव आहे की नाही, तेही लिहावे.