एजंट काका, जागा दाखवता का?

पेण-रोह्यात घर शोधताय? मग आधी एजंटशी कसं वागायचं ते ठरवा. थोडा समजूतदारपणा, थोडा रोखठोकपणा आणि हातात कागद... एवढं जमलं की अर्धी जागा मिळालीच म्हणून समजा!

मुंबईत घर शोधायचं म्हणजे अॅपवर फिल्टर लावायचे, फोटो बघायचे आणि ‘नो ब्रोकरेज’वर टिक करायची. हाच फंडा घेऊन तुम्ही पेणला आलात, तर पहिल्याच रविवारी लक्षात येईल की इथल्या बऱ्याच जागा कुठल्याच अॅपवर नाहीत. त्या आहेत एजंटच्या डोक्यात. आणि हा एजंट म्हणजे एसी केबिनमधला टायवाला नव्हे बरं का. त्याचं झेरॉक्सचं नाहीतर हार्डवेअरचं दुकान असतं. तो विमाही उतरवतो, आरटीओची कामंही करून देतो आणि मधल्या वेळात जागाही दाखवतो.

माझं ऑफिस बेलापूरला, नवऱ्याची नोकरी रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत. म्हणजे एकाचं तोंड उत्तरेला, दुसऱ्याचं दक्षिणेला. त्यामुळे आम्ही पेण आणि रोहा, दोन्हीकडे जागा बघितल्या. तीन महिने, सात एजंट आणि मोजायचं सोडून दिलेले चहा. शेवटी पेणमध्ये वन बीएचके मिळाला. पण या तीन महिन्यांत एक गोष्ट पक्की कळली. जागा मिळणं न मिळणं हे बजेटवर जेवढं अवलंबून असतं, तेवढंच तुमच्या वागण्यावरही असतं.

आणि आता हे शिकून घ्यायची गरज आमच्यासारख्या अनेकांना पडणार आहे. डोलवीचा स्टील कारखाना आणि धाटावच्या केमिकल कंपन्या यांच्यामुळे बाहेरगावची मंडळी इथे आधीपासूनच राहतात. त्यात जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली. ‘तिसरी मुंबई’ म्हणून सरकारने २०२४ मध्ये जी १२४ गावं जाहीर केली, त्यात उरण-पनवेलबरोबर पेण तालुक्यातलीही गावं आहेत. हायवेवर प्लॉटचे बोर्ड काय उगाच लागलेत?

पहिला फोन

‘जागा आहे का हो?’ एवढंच विचारून गप्प बसू नका. एजंटलाही कळेना आणि तुम्हालाही. पहिल्याच फोनवर पाच गोष्टी सांगून टाका. बजेट किती, राहणार किती जण, कधीपासून हवी, नोकरी कुठे आणि गाडी आहे का. बजेट आठ हजार असेल तर आठच सांगा. ‘बघू, आवडली तर वाढवू’ म्हणालात की तो तुम्हाला बाराच्या जागा दाखवत फिरणार, आणि मग दोघांचाही रविवार फुकट.

दुसरं म्हणजे थापा नकोत. तीन मित्र राहणार असाल तर ‘मी एकटाच, अधूनमधून भाऊ येतो’ ही स्टोरी मुंबईत कदाचित खपेल. इथे खालच्या मजल्यावरच्या काकू तिसऱ्या दिवशी मालकाला फोन करतात. बॅचलर्सना जागा देणारे मालक कमी असतात हे खरं, पण असतात. कुठल्या मालकाला कंपनीची पोरं चालतात, हे एजंटला नेमकं माहीत असतं. त्याला खरं सांगितलंत तरच तो त्या दारात नेईल ना?

आणि हो, ‘दलाल’ हा शब्द विसरा. काका, दादा, भाऊ, काहीही चालेल. दलाल म्हटलंत की पुढची जागा आपसूकच ‘कालच गेली हो’ होते.

‘आडनाव काय?’

हा प्रश्न येतोच. कधी सरळ, कधी ‘मूळचे कुठले तुम्ही?’ असा वळसा घालून. पाठोपाठ ‘नॉनव्हेज खाता का?’ समुद्र आणि खाडी जवळ असलेल्या तालुक्यात मासळीवरून चौकशी व्हावी ही गंमतच आहे, पण होते. मला सातपैकी चार जणांनी विचारलं.

यावर भडकून फोन आपटणं सोपं आहे. मी वेगळं करायचे. शांतपणे विचारायचे, ‘काका, ही तुमची अट आहे की मालकाची? मालकाची असेल तर ती जागा दाखवूच नका. माझा वेळ जाईल आणि तुमचं पेट्रोल.’ एक जण यावर चक्क वरमला. म्हणाला, ‘ताई, मला काय फरक पडतो? मालक विचारतात म्हणून विचारावं लागतं.’ नंतर त्यानेच दोन बऱ्या जागा दाखवल्या. जात, धर्म विचारून घर देणं चूकच आहे, आणि ते तोंडावर बोलून दाखवायला हरकत नाही. फक्त आवाज चढवायची गरज नसते.

कमिशनचं आधी बोला

भाड्याच्या जागेला साधारण एक महिन्याचं भाडं आणि विकतच्या जागेला किमतीच्या एक ते दोन टक्के, असा सगळीकडचा रिवाज. पण रिवाज म्हणजे कायदा नव्हे. त्यामुळे पहिली जागा बघायला जायच्या आधीच विचारा: कमिशन किती, द्यायचं कधी आणि अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट रिन्यू करताना पुन्हा मागणार का? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात आणि वर्षभराने भांडत बसतात.

घासाघीस करायची तर तेव्हाच करा. जागा मिळाल्यावर, चावी हातात आल्यावर ‘काका, थोडं कमी करा ना’ म्हणणं म्हणजे जेवून झाल्यावर खानावळीच्या बिलात सूट मागणं.

दोन एजंटांनी एकच जागा दाखवली तर? ज्याने आधी दाखवली, कमिशन त्याचं. दुसऱ्याला तिथेच, दारातच सांगून टाका की ही बघून झाली आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एजंटला वगळून गुपचूप मालकाला गाठू नका. नवऱ्याच्या कंपनीतल्या एका जोडप्याने रोह्यात हेच केलं. जागा एजंटने दाखवली, संध्याकाळी हे दोघं परस्पर मालकाकडे. महिन्याचं भाडं वाचलं, खूश! अकरा महिन्यांनी मालकाला जागा मुलासाठी हवी झाली. तेव्हा ऐन जुलै, बाहेर धो धो पाऊस आणि बाई सात महिन्यांची गरोदर. एजंटला फोन लावला, उचलला नाही. दुसऱ्याला लावला, त्याला सगळी हकीकत आधीच ठाऊक. रोह्यात एजंट असे कितीसे? सगळे एकाच टपरीवर चहा पिणारे. शेवटी कंपनीतल्या एका सीनियरने स्वतःच्या घरातली खोली दिली, म्हणून निभावलं. एक महिन्याचं भाडं वाचवायला गेलेल्यांना ते केवढ्याला पडलं, याचा हिशेब तुम्हीच करा.

जागा बघायला जाताना

वेळ दिलीत तर पाळा. येणार नसाल तर एक फोन करा, मेसेजसुद्धा चालेल. तो माणूस दुकान पोरावर सोडून, बाइक काढून येतो. चार जागा दाखवून तुम्ही पाचव्या दिवशी फोन उचलायचे बंद झालात, तर त्याची अख्खी फेरी पाण्यात. ‘जागा मिळाली, आता शोधत नाही’ एवढं सांगायला काय लागतं?

आत कोणी राहत असेल तर चपला बाहेर, कपाटं उघडायची नाहीत, फोटो विचारून. मालकासमोर ‘किचन काय बारकं आहे!’ असली कॉमेंट नको. भाड्याची बोलणीही तिथे नकोत. खाली उतरल्यावर एजंटला आकडा सांगा, तो मालकाशी बोलेल. त्याला कमिशन द्यायचं ते याच कामाचं!

आणि पेणमध्ये गणपतीच्या आधीचे आठवडे टाळा. पेण शहर काय किंवा हमरापूर-जोहे काय, घराघरात कारखाने. या दिवसांत सगळ्यांचे हात रंगात आणि रस्त्यावर मूर्ती नेणारे टेम्पो. तुमची वन बीएचकेची चौकशी तेव्हा कोण ऐकणार?

एकटी मुलगी असाल तर जागा उजेडी बघा, सोबत कोणाला तरी न्या आणि कुठे जाताय ते घरी कळवून ठेवा. ‘आत्ता लगेच या, नाहीतर जाईल’ असं रात्री नऊ वाजता सांगणाऱ्याला ‘मग जाऊ दे’ म्हणा. चांगला एजंट याचा राग मानत नाही.

आता तुमचे प्रश्न

शिष्टाचार म्हणजे मुकाट ऐकणं नव्हे. विचारायचं ते विचाराच, फक्त प्रश्न नेमके हवेत. पहिला प्रश्न, पाणी कुठलं आणि किती वेळ? हेटवणे धरण पेण तालुक्यात, पाणी मात्र नवी मुंबईपर्यंत जातं आणि खारेपाटातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यामुळे ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. नळ उघडून बघा, शेजाऱ्यांना विचारा.

रोह्यात कुंडलिकेच्या बाजूला जागा असेल तर पुराचं पाणी कुठवर येतं ते विचारा. धाटावच्या जवळ असेल तर रात्रीही एक चक्कर मारा, नाकच सगळं सांगेल. आणि जमलं तर घर पावसात बघा. रंग मारून झाकलेली ओल डिसेंबरमध्ये कोणाला दिसते?

‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ हे चालत की बाइकवर? स्वतः चालून बघा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गाड्या बघा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, पण पनवेलच्या पुढे लोकल नाही. दिवा-रोहा मार्गावर गाड्या मोजक्याच. तुमच्या ऑफिसच्या वेळेला गाडी नसेल, तर स्टेशनजवळच्या घराचं लोणचं घालायचं का?

कागद मागायला लाजू नका

‘एवढा विश्वास नाही का?’ हा डायलॉग ऐकावा लागतोच. हसून सांगा, ‘विश्वास आहे हो, पण ऑफिसला कॉपी द्यायची आहे.’

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागत नाही. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी आता ऑनलाइन, आधार आणि अंगठा देऊन घरबसल्या होते.

खर्चाचाही हिशेब करून ठेवा. समजा, भाडं १०,००० आणि डिपॉझिट ५०,००० आहे. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के व्याजावर पाव टक्का, म्हणजे अकरा महिन्यांचे साधारण तीनशे रुपये. पेण आणि रोहा दोन्हीकडे नगरपरिषद असल्याने नोंदणी फी १,००० रुपये. म्हणजे हे दोन्ही मिळून तेराशेच्या आसपास. एजंटने तीन-साडेतीन हजार सांगितले, तर उरलेल्यातले बरेचसे त्याच्या धावपळीचे. ते द्यायला हरकत नाही, पण ‘काका, सरकारी किती आणि तुमचे किती?’ हे विचारायला मुळीच संकोच नको. डिपॉझिट शक्यतो बँकेतून आणि थेट मालकाच्या खात्यात. टोकन दिलंत तर पावती, आणि व्यवहार मोडला तर ते परत मिळणार का, हे त्याच पावतीवर.

विकत घेत असाल तर...

इथे मात्र काकांचा नोंदणी क्रमांक मागायचाच. रेरा कायदा २०१६ चा, महारेराचं काम सुरू झालं मे २०१७ मध्ये. नोंदणी असलेल्या प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटचीही नोंदणी लागते, आणि २०२३ मध्ये महारेराने त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. एजंट आणि प्रकल्प, दोन्हींची माहिती महारेराच्या साइटवर बघता येते. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे तोंडपाठ ठेवा. भाड्याच्या जागांना मात्र रेरा लागू नाही. तिथे तुमचा आधार तो नोंदणीकृत करारच.

आणि प्लॉटचा मोह झालाच तर सातबारा स्वतः काढा. ‘एनए होणारच आहे’ म्हणजे अजून झालेला नाही! शेतजमीन महाराष्ट्रात एरवी शेतकऱ्यालाच घेता येते. ‘शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो’ असं कोणी म्हणालं, तर चहा संपवा, नमस्कार करा आणि निघा.

शेवटची गोष्ट साधी आहे. काम झाल्यावर कमिशन ठरल्या दिवशी, मागायला न लावता द्या. आम्ही दिलं. त्यानंतर घरातला नळ गळला तेव्हा प्लंबर, गॅसचं कनेक्शन, कामवाली मावशी, सगळं त्या काकांच्याच फोनमधून आलं. नव्या गावात पहिल्या दिवशी आपल्या ओळखीचं कोणीच नसतं. असतो तो एकटा एजंट!