ताबा कोणाला, हा प्रश्नच अपुरा आहे

नवराबायको वेगळे झाले की कोर्टाआधी नातेवाईकच निकाल देऊन टाकतात: पाच वर्षांपर्यंत मूल आईचं, पुढे बापाचं. झाशीच्या मराठी घरांतली लेक पुण्याला किंवा ग्वाल्हेरला दिलेली असते. ती लेकरासह माहेरी परतली की याच समजुतीवर पुढची घाई होते. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 मात्र एवढंच सांगतं, की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. सहाव्या वर्षी तो आपोआप बापाकडे जातो, असं त्यात कुठेही नाही. बापाला नैसर्गिक पालक म्हटलं आहे हे खरं, पण पालकत्व आणि ताबा या दोन गोष्टी आहेत. झाशीच्या इतिहासातच याचा दाखला आहे. दत्तक दामोदरराव राणी लक्ष्मीबाईंजवळ वाढत होते, तरी त्यांच्या नावची रक्कम ते सज्ञान झाल्यावर देऊ असं म्हणत कंपनी सरकारने स्वतःकडेच ठेवली. शिवाय ‘बापानंतर आई’ याचा अर्थ बाप हयात असेपर्यंत आईला पालकत्वच नाही असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन प्रकरणात 1999 मध्ये स्पष्ट केलं.

मग कोर्ट बघतं काय? त्याच 1956 च्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर. मुंबई उच्च न्यायालयाने 1941 मध्येच सांगितलं होतं, की बापाचं किंवा आईचं नव्हे, फक्त मुलाचं हित तोलायचं. यावर आक्षेप येतो, की ‘हित’ हा ढिला शब्द आहे, त्यात न्यायाधीशाची मर्जीच चालणार. आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम 17 त्या शब्दाला चौकट देतं: मुलाचं वय, पालकाचं चारित्र्य आणि क्षमता, नात्याची जवळीक, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मत. मताचा विचार होतो, पण तोच निकाल नसतो, कारण पढवलेलं मूलही बोलतं. जास्त पगार म्हणजे ताबा, हेही खरं नाही. गोव्यातल्या एका तान्ह्या मुलाच्या प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की आईकडे राहणं मुलाच्या हिताचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी बापावर आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे: दावा वर्षानुवर्षं चालतो आणि मूल ज्याच्याकडे, त्याचीच बाजू मजबूत होते. असं घडतं, आणि ते मुलावर अन्यायकारक आहे. तरी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक वर्षं बापाकडे वाढलेल्या मुलीचा ताबा आईला दिला. नुसता काळ लोटला म्हणून हक्क पक्का होत नाही. तसंच, मूल घाईने झाशीला आणलं म्हणून झाशीच्या पारिवारिक न्यायालयाला अधिकार मिळतोच असं नाही. पालक व पाल्य कायद्याच्या कलम 9 नुसार मूल सामान्यतः कुठे राहतं ते पाहिलं जातं. पोटगी आणि भेट याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भेटू दिलं नाही म्हणून बापाला मुलाचा खर्च थांबवता येत नाही, आणि खर्च मिळाला नाही म्हणून आईने भेट अडवणंही चूक. आदेश झाला तरी तो कायमचा नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली परिस्थितीनुसार तो बदलून मागता येतो. तरीही शाळेच्या सुट्ट्या, दिवाळी, आठवड्याचा व्हिडिओ कॉल या गोष्टी पहिल्याच अर्जात नेमकेपणाने मागाव्यात.