इंजिनात चिखल गेला? किक मारू नका!

आषाढ लागला की रायपूरच्या परिसराचे रूपच पालटते. खारून नदी फुगते, धानाची शेते पाण्याने भरतात आणि नाल्यांवरच्या रपट्यांवरून (आपल्याकडे ज्यांना फरशी पूल म्हणतात) गढूळ पाणी वाहू लागते. अशा दिवसांतही दूधवाल्याला शहर गाठावे लागते. शिक्षकाला शाळेत आणि औषध विक्रेत्याला आपल्या गावांच्या फेरीवर जावेच लागते. या सगळ्यांचे पोट मोटारसायकलीच्या दोन चाकांवर चालते. मग एखाद्या दिवशी पाण्याचा अंदाज चुकतो, गाडी रपट्यावरून घसरते, नाल्यात आडवी होते आणि बंद पडते.

चार माणसे धावून येतात, गाडी बाहेर काढतात, उभी करतात. त्यानंतर जे घडते ते सगळीकडे सारखेच असते. कोणीतरी म्हणतो, ‘मारा किक, होईल चालू!’ गाडीचे खरे नुकसान बहुतेक वेळा याच क्षणी होते. नाल्यातल्या पाण्याने केले नसते एवढे नुकसान ती एक किक करून ठेवते.

दोन चमचे पाण्याची ताकद

असे का व्हावे? इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होत असतो. वर येताना तो हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबतो. हवा दाबली जाते, पाणी मात्र दाबले जात नाही. पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या डोक्यावर अगदी थोडी जागा उरते. साडेतीनशे सीसीच्या बुलेटमध्ये ती चहाच्या अर्ध्या कपापेक्षाही कमी असते, तर शंभर सीसीच्या गाडीत जेमतेम दोन-अडीच चमचे. तेवढ्या जागेत मावेल त्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असले, तर पिस्टन वर येऊच शकत नाही. किक मारणाऱ्याला ती घट्ट लागते. तो आणखी जोर लावतो किंवा सेल्फचे बटण दाबून धरतो. इंजिन क्षणभर चालू झाले, तर त्या वेगातच कनेक्टिंग रॉड वाकतो. मग नुसत्या तेलात भागणारे काम संपूर्ण इंजिन उघडण्यावर जाते.

पाण्यापेक्षाही चिखल वाईट. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. कन्हार म्हणजे आपली काळी, चिकट माती. ती इंजिनाच्या बाहेरच्या पात्यांमध्ये वाळून बसली की इंजिनाला वारा लागत नाही आणि ते तापते. भाटा ही तांबडी, मुरमाड जमीन. तिचे कण आत शिरले, तर कानशीसारखे काम करतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची गुळगुळीत भिंत त्यांनी एकदा ओरबाडली की गाडी धूर सोडू लागते, तेल पिऊ लागते.

चिखलातला जुना खेळ

चिखल, पाणी आणि मोटारसायकल यांचे नाते तसे जुनेच आहे. त्यावर एक खेळच उभा आहे. त्याला ‘ट्रायल्स’ म्हणतात. त्यात वेगाला महत्त्व नसते. दगडधोंडे, ओढे आणि चिखल यांतून पाय जमिनीला न टेकता गाडी काढायची असते. स्कॉटलंडमध्ये अशी सहा दिवसांची स्पर्धा विसाव्या शतकाच्या आरंभापासून होत आली आहे. आपल्या रस्त्यांवरची ओळखीची बुलेटही या खेळात नाव कमावून आहे. १९५२ साली जॉनी ब्रिटन या इंग्रज तरुणाने रॉयल एनफिल्डची साडेतीनशे सीसीची बुलेट चालवून ती सहा दिवसांची स्पर्धा जिंकली होती. त्या परंपरेची आठवण म्हणून कंपनीने मार्च २०१९ मध्ये भारतात ‘बुलेट ट्रायल्स’ नावाची गाडी आणली. ती फार काळ विकली गेली नाही. पण तिचा उंच वळवलेला सायलेन्सर पाहिला की हा खेळ काय शिकवतो ते कळते. पाण्याला आत जायला वाट द्यायची नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा असा की पाणी गेलेच, तर आधी ते बाहेर काढायचे आणि मगच इंजिन फिरवायचे. स्पर्धेची आजची गाडी वजनाने साधारण सत्तर किलो असते. स्वार तिला मागच्या चाकावर उभी करून सायलेन्सरमधले पाणी ओतून टाकतो. पावणेदोनशे किलोंहून जड असलेली बुलेट अशी एकट्याने उभी करता येत नाही. नियम मात्र तोच.

पहिला तास महत्त्वाचा

गाडी बाहेर काढली की किल्ली बंद करून खिशात टाकावी. पेट्रोलचा कॉक असेल तर तो बंद करावा. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवावी. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर नसून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पेट्रोल फवारते. ओल्या जोडण्यांतून वीज गेली, तर ही महाग यंत्रणा जळू शकते. म्हणून अशा गाडीची किल्ली ‘पाहू तरी’ म्हणूनही फिरवू नये.

गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजपर्यंत न्यावी. बाहेरचा चिखल ओला असतानाच साध्या पाण्याने धुवावा. तो वाळला की निघता निघत नाही. मात्र धुण्याच्या यंत्राची जोरदार धार चाकांच्या मध्यावर, हँडलच्या सांध्यावर किंवा एअर फिल्टरच्या डब्यावर मारू नये. त्या धारेनेच चिखल आत ढकलला जातो.

त्यानंतर मिस्त्रीच्या कामाचा क्रम साधारण असा असतो. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहिला जातो. आत कोरडे असेल, तर निम्मी काळजी मिटली. कागदी फिल्टर भिजला असेल तर टाकून द्यावा; स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून परत बसवता येतो. मग प्लगभोवतीची माती साफ करून प्लग काढतात. छिद्रातून चिखल दिसला, तर इंजिन मुळीच फिरवायचे नाही. हेड उतरवूनच साफ करायचे. नुसतेच पाणी असेल, तर किल्ली बंद ठेवून किक हाताने हळूहळू खाली दाबतात. किक नसलेल्या गाडीत वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने फिरवतात. पाणी प्लगच्या छिद्रातून पिचकारीसारखे बाहेर येते, म्हणून तोंड दूर ठेवावे.

तेल खोटे बोलत नाही

आता तेलाची पाळी. खालचा नट काढला की इंजिनाचे तेलच सगळे सांगून टाकते. ते दुधाच्या कॉफीसारखे पांढरट दिसले, तर पाणी आत मिसळले आहे. असे तेल वंगण म्हणून निकामी असते. ते पूर्ण काढून, तेलाचा फिल्टर बदलून त्याच ग्रेडचे स्वस्त तेल भरायचे. इंजिन काही मिनिटे नुसते उभ्या गाडीवर चालवायचे आणि ते तेलही काढून टाकायचे. तेल स्वच्छ येईपर्यंत हे दोनदा, गरज पडली तर तीनदा करायचे. काही जण तेलाऐवजी डिझेल किंवा रॉकेल भरून इंजिन चालवतात. ते घातक आहे. त्यात बेअरिंगला वंगण मिळत नाही.

निघालेले तेल बोटांत चोळून पाहावे. कचकच लागली, तर रेती आतवर पोहोचली आहे. अशा वेळी तेल कितीही बदलले तरी उपयोग नाही. इंजिन उघडून तेलाच्या वाटा साफ करणे हाच एक मार्ग उरतो. तो खर्चाचा आहे, पण नंतरच्या खर्चापेक्षा स्वस्त.

पेट्रोलची टाकीही विसरू नये. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते पाण्याशी मिसळून खाली उतरते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करावी. कार्ब्युरेटर असेल तर त्याची वाटीही रिती करावी. चेन, ब्रेकचे ड्रम आणि चाकांची बेअरिंगेही उघडून पाहावीत. गाडी चालू झाली, पण ब्रेक लागला नाही, तर त्या श्रमांना अर्थ काय?

रस्ते बंद आहेत, मिस्त्री दोन दिवस मिळणार नाही, अशी वेळ आली तर? ओल्या सिलिंडरला एक-दोन दिवसांतच गंज धरू लागतो. म्हणून पाणी आणि खराब तेल काढून टाकावे, प्लगच्या छिद्रातून दोन-तीन चमचे चांगले इंजिन ऑइल ओतावे आणि इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवून प्लग परत लावून ठेवावा. तेलाचा तो पातळ थर गंजाला थोपवून धरतो.

विम्याचा कागद काढून वाचा

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेकाठचा भंडारा, जुलै २०२१ मध्ये चिपळूण : पूर ओसरल्यावर घरोघरी चिखलाने माखलेल्या गाड्या उभ्या होत्या. नुकसानभरपाई मागताना अनेकांच्या ध्यानात येत नाही की केवळ ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर पुराच्या नुकसानीचे काहीही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असला, तरी पाणी शिरल्यावर इंजिन चालू करून ते मोडले, तर विमा कंपन्या बहुधा तो खर्च नाकारतात. इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेता येते. ते घेतले आहे की नाही, हे पावसाळ्याआधीच पाहावे. पाण्यात अडकलेल्या गाडीची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी कंपनीला कळवावे.

सर्वांत शहाणपणाचा उपाय अर्थात वेगळाच आहे. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये. साचलेले पाणीही चाकाच्या आसाच्या वर असेल, तर मागे फिरावे. यंत्राला सुटे भाग मिळतात, माणसाला नाहीत.

तरीही कधी गाडी बुडालीच, तर घरातल्या प्रत्येकाला एवढे ठाऊक असावे : किक मारायची नाही, बटण दाबायचे नाही, आधी प्लग आणि तेल. ही गोष्ट कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना सांगावी, स्कूटरवर बाजारहाट करणाऱ्या गृहिणीनेही लक्षात ठेवावी. बुडालेले इंजिन बहुधा वाचते. त्याला फक्त घाई न करणारा मालक लागतो.